‘मॅन-ओ-वॉर’ याचा एकमेव पराभव : साराटोगा, ता. १३ ऑगस्ट १९१९

१. अमेरिकेंतील अश्वशर्यतींच्या इतिहासांत ‘मॅन-ओ-वॉर’ या घोड्याचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. सन १९१९ व १९२० या दोन वर्षांत तो एकंदर २१ वेळां धांवला व २० वेळां जिंकला. जी एक शर्यत तो हरला, तिच्याविषयीं मात्र त्याच्या वीस विजयांपेक्षां अधिक लिहिलें गेलें आहे. घोड्याचें तोंड उलट्या दिशेस होतें, स्वारानें लांच खाल्ली, वजन अन्यायाचें होतें, अशा अनेक कथा या एका पराभवाभोंवतीं जमल्या. त्यांपैकीं कोणत्या टिकतात व कोणत्या टिकत नाहींत, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. दोन स्वारांच्या अब्रूचा प्रश्न या निर्णयांत गुंतलेला असल्यामुळें हा विचार केवळ करमणुकीचा राहत नाहीं.

२. प्रथम घोड्याची पूर्वपीठिका. मॅन-ओ-वॉर याचा जन्म ता. २९ मार्च १९१७ रोजीं केंटकी प्रांतांत ऑगस्ट बेलमाँट यांच्या अश्वशाळेंत झाला. सन १९१८ च्या ऑगस्टमध्यें साराटोगा येथील लिलावांत सॅम्युएल रिडल यांनीं तो ५००० डॉलरांस घेतला. लुई फ्युस्टेल यांनीं त्यास शर्यतीसाठीं तयार केलें. ता. ६ जून १९१९ रोजीं तो प्रथम धांवला, आणि १३ ऑगस्टपूर्वीं सहा शर्यती लागोपाठ जिंकून बसला. ता. २ ऑगस्टच्या ‘युनायटेड स्टेट्स हॉटेल’ या शर्यतींत त्यानें मागें टाकलेल्या घोड्यांत हॅरी पेन व्हिटनी यांचा ‘अपसेट’ हा दुसरा आला होता. म्हणजे ज्यानें पुढें त्यास हरविलें, त्यास त्यानें अकराच दिवसांपूर्वीं त्याच मैदानावर हरविलें होतें.

३. ‘सॅनफर्ड मेमोरियल’ ही सहा फर्लांगांची, म्हणजे पाऊण मैलाची शर्यत. सात घोडे उतरले. मॅन-ओ-वॉर व ‘गोल्डन ब्रूम’ यांच्यावर प्रत्येकीं १३० पौंड वजन होतें. अपसेटवर ११५ पौंड. मॅन-ओ-वॉरचा भाव २० स ११ असा होता, म्हणजे वीस लावणारास अकराच नफा. अपसेटचा भाव एकास आठ होता. या आंकड्यांचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. वीसास अकरा या भावाचा हिशेब केल्यास घोडा जिंकण्याचा संभव शंभरांत सुमारें ६५ एवढाच निघतो. बुकीचा नफा वजा जातां त्याहूनही कमी. पैजेच्या बाजारानें त्या दिवशीं तीनांत एक वांटा पराभवासाठीं राखून ठेवलाच होता. ‘हरणें अशक्य’ ही भाषा मागाहूनची आहे. घोडा पुढें अजिंक्य ठरल्यावर ती त्या दिवसाला चिकटली.

४. आतां शर्यत सोडण्याचा प्रकार. आज घोडे कप्प्यांच्या यंत्रांत उभे करतात. तें साधन अमेरिकेंत १९४० च्या सुमारास रूढ झालें. १९१९ सालीं मैदानावर आडवी पट्टी बांधीत व घोडे तिच्यामागें मोकळे उभे राहत. ते चुळबूळ करीत, फिरत, मागें सरत. सर्व सरळ उभे दिसतील त्या क्षणीं अधिकाऱ्यानें पट्टी उडवावयाची. म्हणून सुटीची सारी निष्पत्ति त्या एका मनुष्याच्या नजरेवर अवलंबून असे. त्या दिवशीं नेहमींचे अधिकारी मार्स कॅसिडी हजर नव्हते. त्यांच्या जागीं चार्ल्स पेटिंगिल हे काम पाहत होते. घोडे रांगेंत आणतां आणतां बराच वेळ गेला व शेवटीं सुटली ती सुटी वाईट होती. मॅन-ओ-वॉर मागें राहिला. गोल्डन ब्रूम व अपसेट हे पुढें निघून गेले.

पुढील काळांत सांगितलें जाऊं लागलें कीं, पट्टी उडाली तेव्हां मॅन-ओ-वॉर पूर्णपणें पाठमोरा होता. शर्यतीच्या अधिकृत तक्त्यांत भर आहे तो संथ सुरुवातीवर व पुढें झालेल्या कोंडीवर. सहा फर्लांगांची धांव सुमारें एकाहत्तर सेकंदांत संपते. एवढ्या अवधींत पूर्ण वळून सर्वांच्या मागून निघालेला घोडा शेवटीं अर्ध्या लांबीवर येऊन पोहोंचतो, हें मानण्यास फारच सबळ पुरावा पाहिजे. यास्तव घोडा नीट उभा नसतां सुटी झाली व त्याचें आरंभींचें अंतर गेलें, एवढेंच विधान सुरक्षित आहे.

५. तथापि केवळ सुरुवातीनें शर्यत गेली असें नाहीं. मॅन-ओ-वॉर यानें भराभर अंतर कापलें व शेवटच्या वळणाच्या सुमारास तो पुढच्या घोड्यांस येऊन भिडला. येथें त्याचा स्वार जॉनी लॉफ्टस यानें आंतल्या कठड्याकडील वाट धरली. समोर गोल्डन ब्रूम थकत चाललेला, बाहेरच्या अंगास अपसेट. अशी कोंडी झाली. अपसेटचा स्वार विली नॅप यानें आपली जागा सोडली नाहीं. ती सोडण्याचें त्यास कांहीं कारणही नव्हतें. उलट, आपण किंचित् बाजूस झालों असतों तर मॅन-ओ-वॉर जिंकला असता, असें त्यानेंच पुढें सांगितलें. शेवटीं लॉफ्टसला घोडा बाहेरून न्यावा लागला. घोडा वेगानें जवळ येत होता, पण मैदान संपलें. अपसेट अर्ध्या लांबीनें जिंकला. कांहीं ठिकाणीं हें अंतर मानेइतकेंच दिलें आहे.

६. वजनाचें कारण कितपत खरें? पंधरा पौंडांचा फरक थोडा नव्हे. परंतु मॅन-ओ-वॉर यानें १३० पौंडांचें ओझें त्या वर्षीं सहा शर्यतींत वाहिलें व त्यांपैकीं पांच जिंकल्या. सबब वजन एकटें पराभवास पुरेसें ठरत नाहीं. मात्र गेलेलें अंतर भरून काढण्यास, व कोंडींतून निघून पुन्हां वेग धरण्यास, जड घोड्यास अधिक बळ वेंचावें लागतें. वाईट सुटी, कोंडी व वजन यांपैकीं एकच गोष्ट असती तर तो बहुधा तरला असता. तिन्ही एका मिनिटाच्या आंत एकत्र आल्या, आणि अंतर इतकें थोडें होतें कीं, यांतील कोणतीही एक वजा केल्यास निकाल फिरतो.

७. राहिला लांचेचा आरोप. सन १९२० मध्यें लॉफ्टस व नॅप या दोघांसही जॉकी क्लबानें स्वारीचा परवाना दिला नाहीं. कारण प्रसिद्ध झालें नाहीं. त्यामुळें लोकांनीं तें सॅनफर्डमध्यें शोधलें. या तर्कास दोन अडचणी आहेत. पहिली, पराभवानंतर रिडल यांनीं लॉफ्टसला दूर केलें नाहीं. १९१९ मधील उरलेल्या तिन्ही शर्यतींत तोच त्या घोड्यावर होता व तिन्ही जिंकला. ज्याचें नुकसान झालें त्या मालकासच संशय आला नाहीं, तर इतरांनीं तो कशाच्या आधारें घ्यावा? दुसरी, आरोप खरा धरला तरी वाईट सुटी त्यानें उलगडत नाहीं. पट्टी स्वाराच्या हातीं नव्हती. लॉफ्टस यानें त्याच वर्षीं ‘सर बार्टन’ या घोड्यावर केंटकी डर्बी, प्रीकनेस व बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकल्या होत्या. पुढें १९५९ मध्यें त्याचें व १९६९ मध्यें नॅपचें नांव अमेरिकेच्या अश्वशर्यत-गौरवमंडळांत घातलें गेलें. परवाना नाकारल्याचें कारण अज्ञात असतां तें ठाऊक असल्याप्रमाणें लिहिणें हा अन्याय आहे. लॉफ्टस यानें कठड्याकडील वाट धरली ही चूक म्हणतां येईल. तिला बेइमानी म्हणण्यास आधार नाहीं.

८. या शर्यतीवरून इंग्रजींत ‘अपसेट’ हा शब्द अनपेक्षित पराभवाच्या अर्थीं रूढ झाला, ही व्युत्पत्तीही अशीच ऐकीव आहे. जुलै १८७७ मधील न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत शर्यतीसंबंधीं तो शब्द याच अर्थानें आलेला आढळतो, म्हणजे घोडा जन्मण्यापूर्वीं चाळीस वर्षें. घोड्याचें नांव व प्रसंग यांचा योग जुळला, आणि योगाला लोकांनीं कारण केलें.

९. साराटोगाच्याच इतर दोन पराभवांशीं तुलना उद्बोधक होईल. सन १९३० च्या ट्रॅव्हर्स शर्यतींत ‘गॅलंट फॉक्स’ हा ‘व्हिचवन’ या घोड्याशीं चिखलांत झुंजत राहिला, आणि एकास शंभर भावाचा ‘जिम डँडी’ जिंकला. सन १९७३ मध्यें ‘सेक्रेटेरियट’ हा ‘ऑनियन’कडून हरला, त्यास ज्वराची बाधा झाली होती असें मागाहून दिसून आलें. एका ठिकाणीं जमीन व ईर्ष्या, दुसऱ्या ठिकाणीं देहाची अस्वस्थता, आपल्या प्रकरणीं सुटी, वाट व वजन. पराभव तिन्ही ठिकाणीं सारखा दिसला तरी कारणें निराळीं आहेत. म्हणून मैदानास ‘प्रिय घोड्यांचें स्मशान’ म्हणून मोकळें होणें हें उत्तर नव्हे.

१०. निष्कर्ष असा कीं, ता. १३ ऑगस्ट १९१९ रोजीं मॅन-ओ-वॉर हा अधिक चांगला घोडा असूनही हरला, आणि त्याच्या पराभवास लहान पण परस्परपोषक अशीं तीन कारणें पुरेशीं आहेत. अपसेट याची योग्यताही विसरूं नये. तो मॅन-ओ-वॉरशीं सात वेळां झुंजला. सहा वेळां हरला, पण पुष्कळदां दुसरा आला, व उरलेल्या एका वेळीं संधि मिळतांच तिचा लाभ घेण्याइतका जवळ होता. मॅन-ओ-वॉर ता. १ नोव्हेंबर १९४७ रोजीं मरण पावला. मोठ्या घोड्याच्या पराभवास कारणही मोठेंच पाहिजे, असें लोकांस वाटत राहिलें. साधनें मात्र एक हुकलेली सुटी, एक बंद झालेली वाट व पंधरा पौंड यांपलीकडे कांहीं दाखवीत नाहींत.