२३ सप्टेंबर : उभयलैंगिकांचा दिवस

१९९९ : वेंडी करी, मायकेल पेज आणि गिगी रेव्हन विल्बर या तीन अमेरिकी कार्यकर्त्यांच्या कल्पनेतून उभयलैंगिकतेचा गौरव करणारा दिवस आज पहिल्यांदा साजरा झाला. स्त्री आणि पुरुष अशा दोघांविषयीही ज्यांना आकर्षण वाटते, त्यांच्यावर अविश्वास दुहेरी असतो. बाहेरचा समाज म्हणतो, ‘हे तात्पुरतं खूळ आहे’. समलिंगी चळवळीतलेही काही विचारतात, ‘तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे?’ पुरुषाने स्त्रीशी लग्न केले की तो भिन्नलिंगी, पुरुषासोबत राहिला की समलिंगी, असे लोक परस्पर ठरवून टाकतात. माणूस डोळ्यांसमोर असून त्याची ओळख पुसली जाते, हा अन्याय साधा नव्हे.

सप्टेंबर निवडला तो गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या जन्ममहिन्यामुळे. २३ ही विल्बर यांच्या वाढदिवसाची तारीख. झांजिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मलेला मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच त्याने पहिला बँड काढला, हे आपल्याकडे अजून पुरेसे अभिमानाने सांगितले जात नाही.

गुलाबी, जांभळ्या आणि निळ्या पट्ट्यांचा ध्वज पेज यांनी १९९८ मध्येच तयार केला होता. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने या दिवसाला अधिकृत मान्यता दिली. पुढच्याच वर्षी, याच तारखेला, उभयलैंगिक कार्यकर्त्यांना व्हाइट हाउसमध्ये चर्चेसाठी बोलावण्यात आले.