मंदीच्या काळात प्रेमाचा बाजार : मोफत आणि सशुल्क डेटिंग संकेतस्थळांचा अल्प इतिहास

१/ १५ सप्टेंबर २००८. ‘लेहमन ब्रदर्स’ या १५८ वर्षे जुन्या अमेरिकन बँकेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. पुढील वर्षभरात लाखो अमेरिकनांच्या नोकऱ्या गेल्या. लोकांनी सहली, बाहेरचे जेवण, नव्या मोटारी यांवरचा खर्च आखडता घेतला. जोडीदार शोधून देणाऱ्या संकेतस्थळाची वर्गणी मात्र अनेकांनी भरणे चालू ठेवले. असे का घडले, याविषयीचा हा थ्रेड.

२/ आधी एक कल्पना करू. एका गावात दोन वधूवर सूचक मंडळे आहेत. पहिले नावनोंदणीचे पैसे घेते. दुसरे फुकट नाव लिहून घेते, पण भिंतीवर सराफांच्या आणि मंगल कार्यालयांच्या जाहिराती लावून कमावते. गावात दुष्काळ पडला, तर आधी अडचणीत कोण येईल? सहज उत्तर आहे ‘पैसे घेणारे’. इतिहासाचे उत्तर निराळे आहे.

३/ पात्रपरिचय. पैसे घेणाऱ्यांत ज्येष्ठ म्हणजे ‘मॅच.कॉम’ (१९९५). त्यानंतर मानसशास्त्रज्ञ नील क्लार्क वॉरन यांची ‘ई-हार्मनी’ (२०००). तिची प्रदीर्घ प्रश्नावली प्रसिद्ध होती. २००८ च्या सुमारास एका महिन्यासाठी मॅच साधारण ३५ डॉलर घेई, तर ई-हार्मनी सुमारे ६०.

४/ फुकट गोटातला पहिला वीर मार्कस फ्रिंड. व्हँकुव्हरमधील या तरुणाने २००३ मध्ये ‘प्लेंटी ऑफ फिश’ सुरू केले आणि कित्येक वर्षे ते जवळजवळ एकट्याने, घरातूनच चालवले. दुसरे ‘ओकेक्युपिड’ (२००४), हार्वर्डमध्ये शिकलेल्या चार मित्रांचे. दोघांचेही उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे.

५/ वरवर हा फरक ‘पैसे लागतात’ आणि ‘लागत नाहीत’ एवढाच वाटतो. खरा फरक धनी कोण, हा आहे. वर्गणीच्या संकेतस्थळाचा धनी एकटा माणूस. मोफत संकेतस्थळाचा धनी जाहिरातदार. मंदी येते तेव्हा या दोघांपैकी आधी हात कोण आखडतो, यावर सारे अवलंबून असते.

६/ पहिली परीक्षा : डॉट-कॉमची पडझड. १० मार्च २००० रोजी नॅसडॅक निर्देशांकाने ५,००० च्या पुढचे शिखर गाठले होते. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,१०० च्या आसपास आला. अमेरिकेतील इंटरनेट जाहिरातींचे उत्पन्न २००० मध्ये सुमारे ८०० कोटी डॉलर होते, ते २००२ मध्ये ६०० कोटींवर उतरले. ‘सारे फुकट द्या, जाहिरातदार पैसे देतील’ हा त्या युगाचा मंत्र निष्प्रभ ठरला.

७/ त्याच काळात एक उलटा प्रवाह दिसतो. ऑनलाइन प्रकाशकांच्या संघटनेच्या पाहणीनुसार, अमेरिकन ग्राहकांनी डेटिंग संकेतस्थळांवर २००१ मध्ये सुमारे ७ कोटी डॉलर खर्च केले होते. २००२ मध्ये हा आकडा सुमारे ३० कोटींवर गेला. पैसे देऊन घेतल्या जाणाऱ्या ऑनलाइन मजकुरात हा प्रकार अग्रस्थानी पोहोचला. बातमीसाठी दमडी न मोजणारा वाचक ओळखीसाठी पैसे मोजत होता.

८/ या पडझडीचा एक दुवा आपल्यापर्यंत येतो. अमेरिकेत सॉफ्टवेअर अभियंता असलेल्या मुरुगवेल जानकीरामन यांनी तमिळ भाषकांसाठी संकेतस्थळ काढले होते. त्यातील विवाहविषयक विभाग लोकप्रिय झाला. मंदीत त्यांची नोकरी गेली आणि त्यांनी याच कामाला पूर्णवेळ वाहून घेतले. तीच ‘भारतमॅट्रिमनी’. तिच्या मराठी शाखेवर आपल्या ओळखीतल्या कुणाचे ना कुणाचे नाव असतेच.

९/ दुसरी आणि मोठी परीक्षा : २००७ ते २००९. अमेरिकेतील बेरोजगारी डिसेंबर २००७ मध्ये ५ टक्के होती, ती ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचली. याच सुमारास ‘मंदीत प्रेम तेजीत’ अशा आशयाच्या बातम्या झळकू लागल्या. डेटिंग कंपन्या सदस्य वाढल्याचे सांगत होत्या, वृत्तपत्रे ते छापत होती.

१०/ येथे थांबायला हवे. या बातम्यांचा उगम बहुधा कंपन्यांच्याच निवेदनांत होता. पडत्या बाजारात गुंतवणूकदाराला धीर देण्यासाठी ‘आमच्या धंद्याला मंदी लागत नाही’ असे म्हणणे सोयीचे असते. म्हणून निवेदने बाजूला ठेवून हिशेब पाहावेत. मॅचचा महसूल २००७ मध्ये सुमारे ३५ कोटी डॉलर होता, २००८ मध्ये तो सुमारे ३६.५ कोटी झाला. ही भरभराट नव्हे, पण अशा वर्षात टिकून राहणेही मोठेच.

११/ २००९ चा आकडा मात्र घटलेला दिसतो. त्यावरून ‘शेवटी मंदीने गाठलेच’ असा निष्कर्ष काढाल तर फसाल. त्या वर्षी मॅचने आपला युरोपातील व्यवसाय ‘मीटिक’ या फ्रेंच कंपनीच्या हवाली केला आणि बदल्यात तिच्यात हिस्सा घेतला. घट मुख्यतः त्या व्यवहाराची आहे. आकड्यालाही संदर्भ विचारावा लागतो.

१२/ लोक वर्गणी का भरत राहिले? एक कारण सरळ हिशेबाचे. दर शनिवारी बारमध्ये जाऊन कुणी भेटेल याची वाट पाहण्यापेक्षा महिन्याचे ३५ डॉलर स्वस्त पडत. दुसरे कारण मनाचे. नोकरीबरोबर सहकारी जातात, दिवसाचा क्रम जातो आणि रिकामी संध्याकाळ लांबते. अनिश्चिततेत सोबतीची ओढ वाढते.

१३/ पण शोध वाढला म्हणजे लग्ने वाढली, असे नाही. महामंदीत अमेरिकेतील विवाहांचे प्रमाण १९२९ मधील दर हजारी १०.१ वरून १९३२ मध्ये ७.९ पर्यंत उतरले होते. २००७ मध्ये ते ७.३ होते, २००९ मध्ये ६.८ झाले. माणसे जोडीदार शोधत राहतात, संसार मात्र पुढे ढकलतात. आणि जो शोध संपत नाही, त्याची वर्गणीही संपत नाही. मंदीतील सशुल्क संकेतस्थळाच्या बळाचे हे काहीसे अस्वस्थ करणारे रहस्य.

१४/ आता मोफत गोटाकडे वळू. पैसे वाचवणाऱ्यांची गर्दी तिकडे होणे स्वाभाविक होते. पण गर्दी म्हणजे कमाई नव्हे. अमेरिकेतील इंटरनेट जाहिरातींचे उत्पन्न २००८ मध्ये सुमारे २,३४० कोटी डॉलर होते, २००९ मध्ये ते २,२७० कोटींवर घसरले. दुकानात माणसे वाढावीत आणि गल्ला मात्र वाढू नये, अशी ही अवस्था.

१५/ मग ‘प्लेंटी ऑफ फिश’ बुडाले का? नाही. त्याचा खर्चच नगण्य होता : मूठभर माणसे, मोजके सर्व्हर. ‘मोफत’ टिकले ते काटकसरीमुळे, जाहिरातींच्या भरवशावर नव्हे.

१६/ त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे फ्रिंडच्या संकेतस्थळावर जाहिराती देणाऱ्यांत सशुल्क डेटिंग संकेतस्थळेच आघाडीवर होती. फुकटात मनासारखे कुणी न मिळालेला सदस्य जाहिरातीवर टिचकी मारून पैसे घेणाऱ्यांच्या दारात जाई. म्हणजे मोफत संकेतस्थळ बऱ्याच अंशी सशुल्क संकेतस्थळांचे प्रवेशद्वार बनले होते. आपल्या काल्पनिक गावातील दुसऱ्या मंडळाच्या भिंतीवर पहिल्या मंडळाचाच फलक!

१७/ हे वैर आणि हे परस्परावलंबन एका प्रसंगात लख्ख दिसते. एप्रिल २०१० मध्ये ओकेक्युपिडने ‘ऑनलाइन डेटिंगसाठी पैसे का देऊ नयेत’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख प्रसिद्ध केला. मुद्दा बिनतोड होता : सशुल्क संकेतस्थळांवरील बहुसंख्य सदस्यांनी वर्गणी भरलेली नसते, त्यामुळे ते उत्तर देऊ शकत नाहीत. तुम्ही पैसे देऊन मुक्यांशी बोलता.

१८/ फेब्रुवारी २०११ मध्ये मॅचने ओकेक्युपिड सुमारे ५ कोटी डॉलरला विकत घेतले. त्यानंतर तो लेख संकेतस्थळावरून काढला गेला. आमच्या विषयात आम्ही फाटलेल्या बखरींविषयी बोलतो. आपल्या हयातीतील कागद असे नाहीसे होतात, तेव्हा फाटल्याचा आवाजही होत नाही.

१९/ पुढे २०१५ मध्ये ‘प्लेंटी ऑफ फिश’ही ५७.५ कोटी डॉलरला मॅचच्या समूहात गेले. मंदीत रोकड ज्याच्या हाती टिकली, त्याने मंदी सरल्यावर गर्दी विकत घेतली. मात्र सगळेच सशुल्क तरले असेही नाही. ‘याहू’ची डेटिंग सेवा सशुल्कच होती, ती २०१० मध्ये बंद झाली आणि तिच्या सदस्यांना मॅचकडे वळवण्यात आले. मंदीने लहानांना मोठ्यांच्या पदरात टाकले.

२०/ तिसरा टप्पा ‘टिंडर’चा (२०१२). येथे मोफत आणि सशुल्क ही भिंतच पडली. प्रवेश फुकट, अधिकच्या सोयींना पैसे. २०१५ मध्ये सशुल्क आवृत्ती आली तेव्हा अमेरिकेत तिशीच्या आतल्यांना महिना सुमारे १० डॉलर आणि तिशीपुढच्यांना २० असा दर होता. वय वाढले की एकटेपणाही महागतो, हे एखाद्या दरपत्रकाने इतके उघडपणे क्वचितच सांगितले असेल.

२१/ २०२० च्या टाळेबंदीत टिंडरने २९ मार्च या एका दिवसात ३०० कोटी स्वाइपचा विक्रम नोंदवला. पण तो मंदीचा परिणाम की घरकोंडीचा, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून हा पुरावा मी बाजूला ठेवतो.

२२/ खरा धडा त्यानंतरचा. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला. २०२३ मध्ये मॅच समूहाचे पैसे देणारे सदस्य घटले, महसूल मात्र वाढला, कारण प्रत्येकाकडून घेतली जाणारी रक्कम वाढवण्यात आली होती. २००८ मध्ये टिकलेली वर्गणी आता पहिल्यासारखी का टिकली नाही? पूर्वी पैसे न देणाऱ्याला दार बंद होते. आता तो आतच राहतो, फक्त मागच्या बाकावर. सोडून देणे सोपे झाले की मंदीला भेदणे सोपे होते.

२३/ सारांश : ‘प्रेमाच्या धंद्याला मंदी लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. माणसाची सोबतीची गरज मंदीत कमी होत नाही, एवढेच खरे. त्या गरजेतून कोण कमावतो, हे धनी कोण आहे यावर ठरते. २००१ आणि २००९ मध्ये जाहिरातदार आधी पळाला, एकटा माणूस मात्र थांबला.

२४/ हे लिहिताना माझ्या वर्गातले मित्र डोळ्यांपुढे होते. पदवी हातात, नोकरी नाही, आणि रात्री अकराला फोनवर बोट सरकते आहे. त्या बोटाचा हिशेब कुणीतरी ठेवत आहे. पुढची मंदी येईल तेव्हा ‘प्रेम तेजीत’ अशा बातम्याही येतील. त्या वाचताना एकच प्रश्न विचारा : हे सांगतो आहे कोण?

थ्रेड समाप्त. चुका आढळल्यास जरूर दाखवा.