वेबसाईटची थीम बदलली की मेन्यू का गायब होतो? समजून घ्या सोप्या भाषेत

समजा, तुमचा कोकणात होमस्टे आहे आणि त्याची छोटीशी वेबसाईट आहे. दिवाळीच्या सुट्ट्यांआधी साईट जरा नवी दिसावी म्हणून तुम्ही थीम बदलली. फोटो झकास दिसायला लागले, रंगही छान आले. पण वर 'खोल्या', 'दर', 'बुकिंग', 'संपर्क' अशी जी पट्टी होती, तिच्या जागी आता भलतंच काहीतरी दिसतंय. दोन वर्षांपूर्वी गंमत म्हणून बनवलेलं 'टेस्ट पेज' सगळ्यांना दिसतंय आणि 'बुकिंग' कोपऱ्यात गेलंय. इन्स्टाग्रामवरची लिंक दाबून आलेला पाहुणा चार सेकंद शोधतो आणि परत जातो.

हे नेमकं का होतं? तुमचा मेन्यू खरंच डिलीट झाला का? आणि थीम कुठलीही असली तरी मेन्यू नीट चालावा यासाठी काय करायचं?

थीम आणि मेन्यू यांचं नातं काय?

वेबसाईटवर दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक म्हणजे मजकूर: पानं, लेख, फोटो, लिंक. दुसरी म्हणजे त्याचं दिसणं: रंग, फॉन्ट, मांडणी. या दिसण्याच्या संचाला थीम म्हणतात. घर तेच, फक्त रंग आणि पडदे बदलले, असं समजा.

या कल्पनेचं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे २००३ मध्ये डेव्ह शे या डिझायनरने सुरू केलेलं 'सीएसएस झेन गार्डन'. तिथे पानाचा एचटीएमएल सांगाडा सगळ्यांसाठी एकच होता. त्याला हात न लावता जगभरातल्या डिझायनर्सनी फक्त सीएसएस, म्हणजे दिसण्याची फाईल बदलून दोनशेहून जास्त वेगवेगळी रूपं तयार केली. मेन्यूतल्या लिंक त्याच, पण कुठे त्या डावीकडे उभ्या, कुठे वर आडव्या.

वर्डप्रेसमध्ये थीमची सोय २००५ मध्ये १.५ या आवृत्तीत आली. स्वतःला हवा तसा मेन्यू बनवायची आजची पद्धत मात्र जून २०१० मध्ये ३.० या आवृत्तीत आली. त्याआधी वेगळा मेन्यू हवा असेल तर बरेचदा थेट थीमच्या फाईलमध्येच लिंक लिहिल्या जायच्या. थीम बदलली की त्या लिंक जुन्या थीमसोबतच जायच्या.

मग आता मेन्यू का हरवतो?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या: मेन्यू बहुतेक वेळा हरवलेला नसतो. त्याला नव्या थीममध्ये जागा मिळालेली नसते.

वर्डप्रेसच्या क्लासिक थीममध्ये हे असं चालतं. तुम्ही बनवलेला मेन्यू, म्हणजे लिंकची यादी, डेटाबेसमध्ये सेव्ह होतो. प्रत्येक थीम मेन्यूसाठी काही जागा जाहीर करते. कुणाकडे 'प्रायमरी' आणि 'फूटर', कुणाकडे 'टॉप', 'सोशल' आणि 'मोबाईल'. कुठला मेन्यू कुठल्या जागेवर लावायचा, ही नोंद मात्र त्या त्या थीमच्या सेटिंगमध्ये राहते. थीम बदलली की यादी शाबूत असते, पण नव्या थीमला ती कुठे दाखवायची हे माहीत नसतं.

मग 'टेस्ट पेज' कुठून आलं? एखाद्या जागेला मेन्यू दिलेलाच नसेल, तर वर्डप्रेस ठरलेला पर्याय म्हणून साईटवरच्या सगळ्या प्रकाशित पानांची यादी तिथे टाकतं. थीम बनवणाऱ्याने हा पर्याय बंद केला असेल, तर ती जागा रिकामी दिसते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या ४.९ आवृत्तीत यावर तोडगा काढला गेला. दोन्ही थीममध्ये एकेकच जागा असेल, किंवा जागांची नावं सारखी असतील, तर मेन्यू आपोआप तिथे बसतो. 'प्रायमरी', 'मेन', 'हेडर', 'टॉप' ही नावं वर्डप्रेस एकाच गटातली समजतं. 'सेकंडरी', 'फूटर', 'बॉटम' दुसऱ्या गटात आणि 'सोशल' तिसऱ्या. पण थीमवाल्याने जागेला काही वेगळंच नाव दिलं असेल, तर हा अंदाज चुकतो.

जानेवारी २०२२ मध्ये ५.९ आवृत्तीपासून 'ब्लॉक थीम' आल्या. त्यात मेन्यू हा 'नेव्हिगेशन ब्लॉक' असतो आणि तो साईट एडिटरमध्ये बदलतात. म्हणून क्लासिक थीमवरून ब्लॉक थीमवर गेलात की नेहमीचं 'मेन्यूज' पान सहसा दिसतच नाही. घाबरू नका. नेव्हिगेशन ब्लॉकमध्ये जुना मेन्यू आयात करता येतो.

गायब झालेला मेन्यू परत कसा आणायचा?

१. डॅशबोर्डमध्ये 'अपिअरन्स', मग 'मेन्यूज' उघडा. वरच्या यादीत तुमचा जुना मेन्यू आहे का ते बघा.
२. 'मॅनेज लोकेशन्स' मध्ये जाऊन तो नव्या थीमच्या जागेवर लावा आणि सेव्ह करा.
३. ब्लॉक थीम असेल तर 'एडिटर' उघडून नेव्हिगेशन ब्लॉकमध्ये जुना मेन्यू निवडा.
४. पुढच्या वेळी थीम थेट चालू करू नका. क्लासिक थीममध्ये 'लाईव्ह प्रीव्ह्यू' मध्येच मेन्यूची जागा ठरवता येते, नंतर प्रकाशित करा.

मेन्यू दिसतो, पण वाचता येत नाही?

दुसरी अडचण रंगाची. आता एकाच साईटला लाईट आणि डार्क असे दोन मोड असतात. मेन्यूची अक्षरं थेट 'काळी' अशी ठरवून ठेवली असतील, तर डार्क मोडमध्ये काळ्यावर काळं दिसतं. तीन आडव्या रेघांच्या हॅम्बर्गर चिन्हाचंही तेच. ते काळ्या रंगाचं चित्र असेल तर मोबाईलवर मेन्यूचं बटणच नाहीसं होतं.

यावर उपाय म्हणजे सीएसएस व्हेरिएबल. मेन्यूला थेट रंग सांगायचा नाही, रंगाचं काम सांगायचं: 'मेन्यूची पार्श्वभूमी', 'मेन्यूचं अक्षर', 'चालू पानाची खूण'. त्या नावामागचा खरा रंग प्रत्येक थीम स्वतः भरते. चिन्ह एसव्हीजी स्वरूपात ठेवून त्याला शेजारच्या अक्षरांचाच रंग घ्यायला सांगितलं, की तेही थीमसोबत बदलतं.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरकही मोजता येतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१. वेब सुलभतेच्या जागतिक नियमांनुसार (डब्ल्यूसीएजी, एए पातळी) साध्या आकाराच्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५:१ हवं. थीम दहा असतील तर दहाही थीममध्ये तपासायला हवं. कमी दिसणारे लोक आणि भर उन्हात मोबाईल बघणारे, दोघांसाठीही हे गरजेचं आहे.

मराठी मेन्यूचं वेगळं काय?

बऱ्याच थीम इंग्रजी अक्षरं समोर ठेवून बनतात. 'होम' आणि 'अबाउट' साठी आखलेल्या पट्टीत 'मुखपृष्ठ' आणि 'आमच्याविषयी' बसवायचं तर जागा कमी पडते. त्यात तीन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली, पट्टीची उंची पक्की ठरवलेली असली तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. दुसरी, स्टाईल म्हणून अक्षरांमध्ये अंतर टाकलं की शिरोरेषा अनेकदा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. तिसरी, थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर दुसराच फॉन्ट वापरतो आणि मेन्यू बाकी पानाशी विसंगत वाटतो. म्हणून थीम घेण्याआधी तिच्या डेमोवर विसंबू नका, आपलीच मराठी नावं टाकून बघा.

नवी थीम चालू केल्यावर काय तपासायचं?

- मेन्यूतली प्रत्येक लिंक एकदा दाबून बघा.
- मोबाईलवर मेन्यू उघडतो आणि बंद होतो का?
- उपमेन्यू फक्त माउस नेल्यावर उघडत असेल तर सावध व्हा. टचस्क्रीनवर माउस नसतो.
- कीबोर्डच्या टॅब बटणाने प्रत्येक लिंकपर्यंत पोचता येतं का?
- डार्क मोड चालू करून सगळी नावं वाचता येतात का?

एवढं करायला दहा मिनिटं लागतात. आणि तरीही काही बिघडलंच, तर मेन्यू डिलीट करून नव्याने बनवायला बसू नका. जुनी थीम परत चालू केली की तिची मांडणी सहसा जशीच्या तशी मिळते. मग निवांतपणे, प्रीव्ह्यूमध्ये, पुन्हा प्रयत्न करा.