फॉन: वसंतातील एका वाऱ्याचा इतिहास

शालेय भूगोलातील स्थानिक वाऱ्यांच्या प्रकरणात ‘फॉन’ हा शब्द आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा पाठ केलेला असतो. आल्प्सच्या उत्तर उतारावरून खाली येणारा उष्ण व कोरडा वारा, एवढी व्याख्या परीक्षेपुरती पुरते. साहित्याच्या अभ्यासकाचे कुतूहल मात्र त्या शब्दाच्या व्युत्पत्तीपाशी जागे होते. ‘फॉन’ हे लॅटिनमधील ‘फेवोनियस’चे रूपांतर आहे. फेवोनियस म्हणजे रोमन कवींचा पश्चिम वारा, वसंताची वर्दी देणारा आणि मंद. होरेसच्या एका प्रसिद्ध गीतात हिवाळ्याची पकड सैल होते ती याच्याच आगमनाने. हे नाव आल्प्समधील रोमान्श बोलींच्या वाटेने जर्मनभाषक दऱ्यांत उतरले आणि तेथे ते गावेच्या गावे जाळणाऱ्या वाऱ्याचे नाव झाले.

आपल्याकडील मलयानिलाची येथे आठवण होणे साहजिक आहे. मलयपर्वतावरून चंदनाचा गंध घेऊन येणाऱ्या दक्षिण वाऱ्यावाचून संस्कृत काव्यातील वसंत पुरा होत नाही. हा वारा विरहिणीला जाळतो, परंतु ते जाळणे अलंकारातले. फॉनही दक्षिणेकडून आणि डोंगर ओलांडूनच येतो, आणि त्याचा जोर वसंतात सर्वाधिक असतो. त्याच्या जाळण्यात मात्र अलंकार नाही.

काही तासांत तापमान दहा अंशांहून अधिक चढते, हवेतील ओलावा झपाट्याने उतरतो आणि अरुंद दऱ्यांतून वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडतात. बर्फ पाहता पाहता नाहीसा होतो, म्हणून या वाऱ्याला तेथील लोक ‘बर्फखाऊ’ म्हणतात. उतारांवरचे भिजून जड झालेले हिम कडे सोडून खाली कोसळते. चुलीतून उडालेली एक ठिणगी सुकलेल्या लाकडी छपरावर पडली, की पुढे माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही. एप्रिल १७९९ मध्ये ऊरी प्रांतातील आल्टडॉर्फ असेच जळाले. दंतकथेतील विल्यम टेलने मुलाच्या डोक्यावरील सफरचंद बाणाने वेधले, ते हेच गाव.

या इतिहासातील सर्वांत मोठी रात्र मात्र ग्लारुसची. लिंट नदीच्या दरीत, ग्लेर्निश पर्वताच्या पायथ्याशी वसलेले हे गाव एकोणिसाव्या शतकात छापील सुती कापडाच्या उद्योगाने भरभराटीस आले होते. १० मे १८६१ रोजी संध्याकाळी फॉन वाहत असताना तेथे आग लागली. सकाळ होईपर्यंत सुमारे ६०० इमारती नष्ट झाल्या होत्या. जवळजवळ दोन तृतीयांश गाव नाहीसे झाले. धर्मसुधारक झ्विंग्ली ज्या चर्चमध्ये १५०६ ते १५१६ या काळात धर्मोपदेशक होता, तेही त्यात गेले.

येथे एक प्रश्न विचारायला हवा. ग्लारुसच्या लोकांना हा वारा ठाऊक नव्हता काय? तो पिढ्यानपिढ्या ठाऊक होता. फॉनच्या दऱ्यांत ‘फॉनपहारा’ नावाची जुनी व्यवस्था होती. वारा सुटला की पहारेकरी घरोघर फिरत, चुली विझल्या आहेत की नाहीत हे पाहत. उघड्यावर धूम्रपान करायचे नाही, भट्ट्या पेटवायच्या नाहीत, असे निर्बंध असत. म्हणजे वाऱ्याविषयीचे ज्ञान येथे ग्रंथांत नव्हे, नियमांत साठवलेले होते. परंतु त्या नियमांची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. ते चुलीवर लक्ष ठेवत होते. लाकडी फळ्यांची छपरे आणि एकमेकांना खेटून उभी राहिलेली घरे यांना मात्र त्यांनी हात लावलेला नव्हता. एकाच घरातली एक चूक पुऱ्या गावाला पुरेल, अशी ती रचना होती.

पंडितांच्या जगात तेव्हा वेगळाच वाद चालला होता: हा वारा मुळात येतो कुठून? झुरिकचे भूगर्भशास्त्रज्ञ आर्नोल्ड एशर यांचे मत होते की तो सहारा वाळवंटातून येतो. प्राचीन काळी सहारा हा समुद्र होता, त्यामुळे तेव्हाचा फॉन दमट व गार होता आणि म्हणूनच आल्प्समध्ये प्रचंड हिमनद्या पसरल्या, अशी त्यांची मोहक उपपत्ती होती. १८६३ मध्ये, म्हणजे ग्लारुसच्या आगीनंतर दोनच वर्षांनी, ते आपल्या सहकाऱ्यांसह खरोखरच सहारात जाऊन आले. ज्या लिंट नदीकाठी ग्लारुस वसले आहे, त्या नदीला बांध व कालवे घालून दरी पुरापासून वाचवण्याचे काम त्यांच्याच वडिलांच्या, हान्स कॉनराड एशर यांच्या, नेतृत्वाखाली झाले होते. बर्लिनचे विख्यात हवामानशास्त्रज्ञ डोवे यांना सहारा मान्य नव्हता. त्यांच्या मते वाऱ्याचा उगम पश्चिमेकडे, थेट अटलांटिकपलीकडच्या उष्ण समुद्रात होता.

१८६६ मध्ये युलिउस हान या तरुण ऑस्ट्रियन अभ्यासकाने हा सारा प्रवासच अनावश्यक ठरवला. त्याचे म्हणणे असे, की फॉनची उष्णता कुठूनही आणलेली नसते. ती उतरणीवरच तयार होते. खाली येणारी कोरडी हवा दाबली जाऊन दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने तापते. याउलट चढणीवर ढग धरत असतील, तर बाष्पातून सुटणाऱ्या उष्णतेमुळे ती शंभर मीटरला अर्ध्या-पाऊण अंशानेच थंड होते. दोन हजार मीटर चढून तेवढेच उतरणारी हवा त्यामुळे सात-आठ अंश अधिक उष्ण होऊन पलीकडच्या दरीत पोहोचू शकते. ग्रीनलंडमध्येही हिमाच्छादित अंतर्भागाकडून उष्ण वारे किनाऱ्यावर उतरतात, हा पुरावा त्याच्या बाजूचा होता. तेथे वाळवंट कुठून येणार? चढणीवर पाऊस पडला नाही तरीही फॉन वाहू शकतो, हे पुढील संशोधनाने दाखवले आहे. परंतु उष्णता उतरणीतून येते, हा गाभा टिकून राहिला.

तथापि ग्लारुस वाचवायला ना सहाराची उपपत्ती लागत होती, ना हानची. लागत होती ती वेगळी छपरे. आगीनंतर देशभरातून मदत आली आणि बेर्नहार्ड सिमोन व योहान कास्पार वोल्फ या वास्तुकारांनी नव्या गावाचा आराखडा आखला. सरळ, रुंद आणि काटकोनात छेदणारे रस्ते, मोकळे चौक आणि दगडी घरे असे त्याचे स्वरूप होते. जुने वळणदार गाव प्रिय असणाऱ्यांना ही आखणी रुक्ष वाटली, तर त्यात नवल नाही. पण तो रुक्षपणा हाच त्या रात्रीचा खरा दस्तऐवज आहे. मायरिंगेन हे गाव याच वाऱ्यात १८७९ मध्ये जळाले आणि ऑक्टोबर १८९१ मध्ये पुन्हा जळाले. शेरलॉक होम्सच्या वाचकांना हे नाव परिचित असेल. कॉनन डॉयलने त्याला मे १८९१ मध्ये मायरिंगेनवरूनच रायकेनबाखच्या धबधब्याकडे नेले. ती कथा १८९३ मध्ये छापून आली, तेव्हा होम्स उतरला होता ते गाव आगीत गेलेले होते.

साहित्याने या वाऱ्याला बहुधा स्वभाव दिला. हेरमान हेसच्या ‘पेटर कामेन्ट्सिंट’ (१९०४) या कादंबरीचा नायक बालपणी फॉनला भितो आणि पुढे त्याच्यावर प्रेम करू लागतो. हे चित्रण सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु वाऱ्याला स्वभाव दिला, की अपराधही त्याच्याच माथी मारण्याची सोय होते. ‘वाऱ्याने गाव जाळले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. इतिहासदृष्ट्या ते अपुरे आहे. वाऱ्याने आग पसरवली. ती पसरावी अशी घरे माणसांनी बांधली होती.

शिलरचे ‘विल्हेल्म टेल’ (१८०४) शिकवताना हा इतिहास हाताशी असलेला बरा. शिलरने स्वित्झर्लंड कधीच पाहिले नव्हते, तरी नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात त्याने सरोवरावर फॉन सोडला आहे. पाठलाग होत असलेला बाउमगार्टेन पलीकडे नेण्याची विनवणी करतो, कोळी नकार देतो आणि टेल नाव हाकतो. कोळ्याच्या नकाराचे वाचन आपण सहसा भित्रेपणा म्हणून करतो. वस्तुतः तो दरीतल्या पिढ्यांचा शहाणपणा बोलतो आहे. टेलचे शौर्य मोठे ठरते, ते हा शहाणपणा खरा असल्यामुळेच. आणि प्रवेशाच्या अखेरीस मेंढपाळांच्या झोपड्या उद्ध्वस्त होतात, त्या वाऱ्यामुळे नव्हे. ते काम सत्ताधाऱ्यांचे घोडेस्वार करतात.