पाँपेईतील हस्तिदंती यक्षी

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच्या पायथ्याचे पाँपेई हे संपन्न रोमन नगर राखेखाली गडप झाले. १७४८ पासून तेथे उत्खनन होत आले आहे. रंगवलेल्या भिंती, भट्टीत करपून राहिलेले पाव, निवडणुकीच्या भित्तिघोषणा असे एका नगराचे नित्य जीवनच त्यातून हाती आले. १८६३ मध्ये फिओरेल्ली यांनी राखेतील पोकळ्यांत प्लास्टर ओतून मृतांच्या अंतिम क्षणींच्या आकृती मिळविल्या, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे. परंतु याच राखेने आपल्या देशाचीही एक ठेव जपून ठेवली होती, हे तितकेसे परिचित नाही.

१९३८ मध्ये मैउरी यांच्या उत्खननात एका घरात हस्तिदंताची एक मूर्ती मिळाली. उंची जेमतेम वीतभर. स्त्री विवस्त्र, पण अलंकारांनी मढलेली. कमरेस मेखला, हातांत कांकणांच्या राशी, पायांत जड वाळे, आणि दोन्ही बाजूंस प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या चिमुकल्या दासी. मस्तकातून खाली छिद्र कोरलेले असल्याने ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान चौरंगाचा पाय असावी, असा तर्क आहे. प्रारंभी तिला लक्ष्मी मानले गेले. आज अनेक अभ्यासकांचा कल तिला यक्षी म्हणण्याकडे आहे.

ती आली कोठून? तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. उलट, तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या हस्तिदंती आकृती मराठवाड्यात भोकरदन व तेर येथे सापडल्या आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण व तगर येथील माल भडोच बंदरास जात असल्याची, तसेच त्या बंदरातून हस्तिदंत निर्यात होत असल्याची नोंद आहे. तरीही मूर्ती दख्खनचीच, असा निवाडा देण्याइतका पुरावा नाही. अभिमानापोटी तो देऊ नये.

हिंदुस्थानचा व्यापार दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने लिहून ठेवली होती. तो याच उद्रेकात मरण पावला, आणि त्याच राखेखाली त्या व्यापाराचा हा नमुना सुरक्षित राहिला!

या मूर्तीचे खरे मोल मात्र निराळे आहे. आपल्याकडील पुष्कळ प्राचीन शिल्पांवर काल कोरलेला नसतो; शैलीवरून अंदाज बांधावा लागतो आणि तो शतका-दोन शतकांनी इकडेतिकडे होतो. ही मूर्ती मात्र ७९ नंतरची असूच शकत नाही. तिच्यासारख्या इतर मूर्तींचा काळ ठरविताना म्हणूनच तिचा आधार घेतला जातो. कारागिराचे नाव लोपले, जन्मस्थान वादात राहिले. आपल्या घरी जो काल हरवला असता, तो परक्या नगराच्या विनाशाने तिच्यापुरता राखून ठेवला. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.