चवदार तळे : मनुष्यत्वाचा प्रश्न आणि न्यायालय

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून चवदार तळे खुले केले. तथापि रूढीपुढे ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केले, तेव्हा सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली. पशूंस तेथे मज्जाव नव्हता. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. परंतु बंदीची रूढी अनादि असल्याचे वादींस सिद्ध करता आले नाही, हाच त्याचा आधार होता. रूढीचे प्राचीनत्व सिद्ध झाले असते तर, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहिला. त्याचे उत्तर १९५० च्या राज्यघटनेने दिले : १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली आणि १५ व्या अनुच्छेदात विहिरी व तळी यांचा नामनिर्देश झाला.