सांघिक शूटर खेळांतील हालचाल व नियंत्रणे

संगणकाच्या, दूरचित्रवाणी संचाच्या अथवा मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या काल्पनिक प्रदेशात दोन वा अधिक संघ शस्त्रांनी लढतात आणि प्रत्येक खेळाडूला तो प्रदेश आपल्या पात्राच्या डोळ्यांनी किंवा खांद्यामागून दिसतो, अशा व्हिडिओ खेळांना सांघिक शूटर खेळ म्हणतात. चालणे, वळणे, कडेने सरकणे, उडी मारणे, खाली वाकणे व नेम धरणे या त्यांतील मूलभूत क्रिया होत. प्रत्यक्ष जीवनात माणूस चालता चालता सहज इकडेतिकडे पाहतो. या खेळांत मात्र चालणे एका हाताकडे आणि पाहणे दुसऱ्या हाताकडे सोपवावे लागते. ही विभागणी स्थिर होण्यास सु. २५ वर्षे लागली व तिचा बराचसा भाग निर्मात्यांनी नव्हे, तर खेळाडूंनी घडविला. नवशिक्याला ती कोणी शिकवावी, हा प्रश्न सांघिक खेळांत विशेष तीव्र होतो. एकट्याच्या खेळात अडखळणारा स्वतः हरतो. सांघिक खेळात त्याच्या अडखळण्याची किंमत इतरांना मोजावी लागते.

प्रारंभीचे खेळ : कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १९७३-७४ च्या सुमारास स्टीव्ह कोली, ग्रेग टॉम्पसन व हॉवर्ड पामर यांनी तयार केलेला ‘मेझ वॉर’ हा या प्रकारातील आद्य खेळांपैकी एक होय. त्यातील चक्रव्यूहात एका वेळी एक घर पुढे जाता येई आणि वळणे नेहमी काटकोनातच असे. त्यामुळे तो शिकण्यास फारसा वेळ लागत नसे. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक-जालावर १९७४ मध्ये आलेल्या जिम बॉवरी यांच्या ‘स्पासिम’ या अंतराळ-खेळात ३२ खेळाडू चार ग्रहमालांत विभागलेले असत. सांघिक विभागणीची कल्पना इतकी जुनी आहे. अटारी कंपनीच्या ‘बॅटलझोन’ (१९८०) या रणगाड्याच्या खेळात दोन दांडे असून प्रत्येक दांडा एका बाजूचा पट्टा चालवी. दोन्ही पुढे ढकलले की रणगाडा सरळ जाई, एक पुढे व एक मागे केला की जागीच वळे.

कळफलकावरून माउसकडे : इड सॉफ्टवेअर या अमेरिकन संस्थेच्या ‘वोल्फेनस्टाइन ३डी’ (१९९२) व ‘डूम’ (१९९३) या खेळांनी हा प्रकार लोकप्रिय केला. त्यांत बाणांच्या कळांनी पुढे-मागे जाता येई व वळता येई. कडेने सरकण्यासाठी आणखी एक कळ दाबून धरावी लागे. ‘डूम’मध्ये वरखाली पाहण्याची सोयच नव्हती. चार संगणक जोडून तो एकत्रही खेळता येई आणि मग कडेने सरकण्याचे महत्त्व लगेच ध्यानात येई. धावण्याचा वेग पुढील दिशेने ५० व कडेच्या दिशेने ४० एकक असा ठरविलेला होता. दोन्ही कळा एकत्र दाबल्यास दोन्ही वेगांची बेरीज भूमितीतील कर्णाप्रमाणे होऊन परिणामी वेग सु. ६४ एकक, म्हणजे नेहमीपेक्षा २८ टक्के अधिक होई. यामुळे जाणकार खेळाडू तिरपे धावू लागले.

बंगी संस्थेच्या ‘मॅरेथॉन’ (१९९४) या मॅकिंटॉश संगणकावरील खेळात माउसने वरखाली पाहता येत असे. पूर्णतः त्रिमितीय असलेल्या ‘क्वेक’मध्ये (१९९६) ही सोय होती खरी, पण ती कायम चालू ठेवण्यासाठी खेळाडूला आज्ञा टंकलिखित करावी लागे आणि मूळ मांडणी बाणांच्या कळांचीच होती. उजवा हात माउसवर गेल्यावर डाव्या हातासाठी नवी जागा शोधणे भाग पडले. अनेक मांडण्या आजमावल्या गेल्या. त्यांपैकी डब्ल्यू, ए, एस व डी या चार कळांची मांडणी बाणांच्या कळांसारखीच उलट्या ‘टी’च्या आकाराची आहे, शिवाय करंगळी, अंगठा व तर्जनी यांना शेजारच्या कळा सहज सापडतात. ‘थ्रेश’ या नावाने खेळणारा डेनिस फाँग हा १९९७ मधील ‘क्वेक’ची मोठी स्पर्धा जिंकून खेळाचे एक निर्माते जॉन कार्मॅक यांची फेरारी मोटार बक्षीस मिळवता झाला आणि त्याची ही मांडणी सर्वत्र उचलली गेली. ती त्यानेच शोधली असे मात्र म्हणता येत नाही. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’मध्ये (१९९८) ती मूळचीच दिलेली होती, म्हणजे खेळाडूंची सवय दोन वर्षांत निर्मात्यांचा नियम बनली.

चुकांतून आलेली कौशल्ये : हालचालींची काही उत्तम कौशल्ये कोणी योजलेली नव्हती. पायाशी रॉकेट डागून त्याच्या धक्क्याने उंच उडणे, ही ‘रॉकेट उडी’ होय. तिच्यात खेळाडूची स्वतःची प्रकृती काही अंशी खर्ची पडते; पण एरवी अगम्य असलेली जागा गाठता येते. ‘क्वेक’मधील सलग उड्यांमागे गणिती कारण आहे. खेळाडू ज्या दिशेची कळ दाबतो, त्या दिशेतील वेगाचा घटक ठराविक मर्यादेहून कमी असला, तर संगणक त्यात भर घालतो. एकूण वेग तो तपासत नाही. म्हणून हवेत असताना तिरपी कळ दाबून माउस हळूहळू फिरविल्यास वेग वाढत जातो, आणि जमिनीला टेकताच पुन्हा उडी घेतल्यास घर्षण त्याला आवर घालू शकत नाही. अशा युक्त्यांच्या बळावर काही खेळाडूंनी मिळून १९९७ मध्ये हा संपूर्ण खेळ सर्वांत अवघड पातळीवर १९ मिनिटे ४९ सेकंदांत पार केल्याचे मुद्रण प्रसिद्ध झाले. ‘क्वेक ३’च्या (१९९९) वेळी कार्मॅक यांनी हा दोष काढून पाहिला, परंतु त्यामुळे साधी उडीही बेचव झाल्याने त्यांना तो परत ठेवावा लागला.

संघातील भूमिका व चाल : रॉबिन वॉकर, जॉन कुक व इअन कॉघ्ली या तीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी ऑगस्ट १९९६ मध्ये ‘क्वेक’मध्ये फेरफार करून ‘टीम फोर्ट्रेस’ तयार केला. त्यात पुढे नऊ प्रकारची पात्रे झाली व प्रत्येकाची चाल भिन्न ठेवण्यात आली. ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये (२००७) मूळ वेग १०० मानल्यास टेहळ्याचा वेग १३३, वैद्याचा १०७, रॉकेटधारी सैनिकाचा ८० व अवजड तोफ वाहणाऱ्याचा ७७ आहे. मागे सरताना वेग एक-दशांशाने घटतो. टेहळ्या हवेतच दुसरी उडी घेऊ शकतो. सैनिकाला आपली मंद गती रॉकेट उडीने भरून काढावी लागते. चाल शिकणे म्हणजे संघातील आपले काम शिकणे, असा अर्थ येथे प्रथम स्पष्ट झाला.

मिन्ह ली व जेस क्लिफ यांच्या ‘काउंटर-स्ट्राइक’ने (१९९९) नेमका उलटा धडा दिला. त्यात धावताना झाडलेली गोळी भरकटते व पावलांचा आवाज शत्रूला ऐकू जातो. म्हणून आधी थांबणे आणि दबकत चालणे शिकावे लागते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील सायबर कॅफेंमध्ये या खेळाचा मोठा प्रसार झाला. तेथील शिक्षण बहुधा शेजारच्या खुर्चीवरील मित्राकडून होई, आणि त्यात शिव्यांचा वाटाही काही लहान नसे.

शिकवण्याचे प्रयत्न : ‘हाफ-लाइफ’मध्ये मुख्य कथेबाहेर स्वतंत्र प्रशिक्षण-मार्ग होता. दूरचित्रवाणी संचावरील खेळांची अडचण निराळी होती. रेअर संस्थेच्या ‘गोल्डनआय ००७’मध्ये (१९९७) चालणे व वळणे एकाच दांडीवर असे. ‘एलियन रेझरेक्शन’ (२०००) या प्लेस्टेशनवरील खेळात डाव्या दांडीने चालणे व उजवीने पाहणे अशी विभागणी होती, तेव्हा समीक्षकांकडून तिच्यावर टीका झाली. पुढच्याच वर्षी ‘हेलो’ने हीच विभागणी रूढ केली. त्याच्या आरंभी तंत्रज्ञ नायकाला चिलखताच्या तपासणीसाठी दिव्यांकडे पाहण्यास सांगतो. खेळाडू दांडी कोणीकडे ढकलतो यावरून वर-खालीची दिशा सरळ ठेवावी की उलटी, हे संगणक जाणून घेतो. परीक्षा चालू आहे हे परीक्षार्थीला कळतही नाही. या प्रकारातील शिकवणीचा इतका सुबक नमुना विरळाच.

‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये मात्र प्रशिक्षणाची सोय येण्यास २०१० उजाडले, आणि तीही मोजक्याच पात्रांपुरती. जून २०११ मध्ये खेळ विनामूल्य झाल्यावर नवागतांची मोठी लाट आली. जुन्या खेळाडूंनी त्यांना ‘फुकटे’ ठरवून हिणवले. पण त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतः खेळ शिकताना केलेल्या चुका सोसणारे कोणीतरी होतेच. कळा कोणत्या हे प्रशिक्षण सांगते. सोबत्यांच्या पुढे किती जावे व केव्हा माघारी यावे, हे खऱ्या सामन्यातच कळते.

मोबाइलवरील खेळ : भारतात २०१८ पासून ‘पबजी मोबाइल’मुळे हा प्रकार सर्वदूर पोहोचला. त्यावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याची ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ ही भारतीय आवृत्ती निघाली. यांत चौघांचा चमू असतो. काचेवर कळा नसल्याने बोटांना स्पर्शाने जागा कळत नाही; डावा अंगठा चालवतो, उजवा पाहतो व त्यालाच गोळीही झाडावी लागते. तर्जन्या नखांसारख्या वाकवून त्याही पडद्यावर आणणे, किंवा फोनच कलवून नेम साधणे, हे उपाय पुन्हा खेळाडूंच्या सरावातून रुळले. बटणांच्या जागा प्रत्येकाला हव्या तशा ठेवता येतात व ती मांडणी सांकेतिक क्रमांकाने दुसऱ्याला देता येते. चांगल्या खेळाडूची मांडणी मागून घेऊन शिकण्यास प्रारंभ करणे, ही ‘क्वेक’च्या काळातील रीत त्यामुळे मोबाइलवरही चालू राहिली आहे.